इंजिन बदलणारं स्टेशन

सोलापूरच्या माणसाचं भूगोलाचं पुस्तक म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. पुणं किती लांब, असं त्याला विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, भिगवण, दौंड अशी जपमाळ ओढतो आणि शेवटचा मणी सरकवून म्हणतो, ‘मग काय, आलंच की पुणं.’ या माळेतल्या बहुतेक मण्यांना आपापला रंग आहे. केमचं कुंकू गावोगावच्या कपाळांवर पोचलेलं आहे. कुर्डुवाडीला एके काळी बार्शी लाइटची छोटी गाडी मोठ्या गाडीशेजारी येऊन अशा अदबीनं उभी राहायची, की जणू थोरल्या जावेच्या पंगतीला धाकटी उभी आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी खिडकीतून दिसतात आणि डब्यातली झोपलेली मंडळीसुद्धा एक डोळा उघडून ‘आले का बे?’ असं, नात्यातलं कुणी आल्यासारखं विचारतात. दौंडला मात्र असं काही नाही. दौंडला माणूस उतरतो तो दुसऱ्या गाडीत चढण्यासाठी. तिथला चहा पिताना माणसाचं लक्ष कपाकडे नसतं, सिग्नलकडे असतं.

तरीही दौंडबद्दल मला फार दिवसांपासून एक छुपं प्रेम आहे, आणि त्याचं कारण तिथलं इंजिन. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडात शिरली की तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडत. आता बगल मार्ग झाला आणि बऱ्याच गाड्यांचा हा सोपस्कार सुटला. पण वर्षानुवर्षं हा खेळ बिनबोभाट चालत आला. तोवर जो सगळ्यांत पुढचा डबा म्हणून ताठ्यात होता तो क्षणात शेपटीला जाई. ज्यांनी धडपडून तोंड पुढे करायची जागा धरली होती ते उलटे चालू लागत. गाडी तीच, माणसं तीच, डब्यातलं भांडणही तेच. फक्त दिशा फिरलेली. नवखा प्रवासी घाबरून विचारी, ‘अहो, ही परत चालली की काय?’ आणि सरावलेला प्रवासी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगे, ‘नाही हो. इथनंच पुढं जाती ती.’

मराठी रंगभूमीची गाडीही एकदा अशीच फिरली, आणि ती फिरवणारा माणूस त्या दिवसांत राहायला दौंडलाच होता, हा योगायोग मला अजून गंमतीचा वाटतो. डॉ. जब्बार पटेल. जन्म 23 जून 1942, पंढरपूर. शाळा सोलापूरची हरिभाई देवकरण. वैद्यकीचं शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये. दवाखाना दौंडला. म्हणजे या माणसाचं सारं पूर्वायुष्य आमच्या रेल्वेच्या एका फाट्यावर आणि एका मुख्य मार्गावर अंथरलेलं आहे. दिवसा दौंडात लेकरांच्या छातीला नळी लावायची, दवाखाना आवरला की पुण्याच्या तालमीला जायचं, रात्री परतायचं, सकाळी पुन्हा नळी. इतिहासात ज्याला चळवळ म्हणतात ती जवळून पाहिली तर पुष्कळदा अशी शेवटच्या गाडीची वेळ सांभाळत चाललेली असते.

पंढरपूर आणि प्रायोगिक नाटक यांचा संबंध काय, असं कुणी विचारील. पण ज्या गावानं 1915 साली मकबूल फिदा हुसेन यांना जन्म दिला आणि 27 वर्षांनी जब्बार पटेलांना, त्या गावाच्या पाण्यात काहीतरी असणार. मला आपलं वाटतं, ते पाण्यात नसून वाळवंटात असावं. चंद्रभागेच्या वाळवंटात रंगमंच नसतो, पडदा नसतो, तिकीट तर नसतंच. कीर्तनकार उभा राहिला की तिथं मंच. टाळकरी त्याच्या मागं अर्धवर्तुळात उभे राहिले की ती विंग. भारूड करणारा घटकेत जोशी होतो, घटकेत गोंधळी, आणि लुगडं गुंडाळून सासुरवाशीण झाला तरी त्याच्या मिशीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. भोवतीची माणसं आत्ता प्रेक्षक असतात आणि पुढच्या क्षणी पावली खेळत नटसंचात सामील झालेली असतात. युरोपातल्या नाट्यपंडितांनी नट आणि प्रेक्षक यांच्यामधली भिंत पाडण्यासाठी जाडजाड ग्रंथ लिहिले. आमच्याकडे ती भिंत बांधायचीच कुणाला आठवण राहिली नव्हती. मुसलमान घरातला एक मुलगा या गर्दीतून बोट धरून गेला असेल, तर त्याच्या डोळ्यांत काय काय साठलं असेल, याचा हिशोब कुठल्या नाट्यशाळेच्या अभ्यासक्रमात मिळायचा नाही.

आणि पंढरपूरनंतर सोलापूर. सोलापूरला लोक गिरण्यांचं गाव म्हणतात, चादरींचं म्हणतात, उन्हाचं तर म्हणतातच. ते चार भाषांचं गाव आहे हे मात्र ऐकणाऱ्यालाच कळतं. सकाळी दूधवाला कानडीत हाक घालतो, शेजारचा पद्मशाली विणकर तेलुगूत देवाला आळवतो, रिक्षावाला दख्खनीत भाडं सांगतो आणि या तिघांचं भांडण जुंपलं तर ते मराठीत होतं. असल्या गावात वाढलेल्या मुलाला शब्दांआधी सूर कळतो. समोरचा काय म्हणतोय हे समजलं नाही, तरी तो रागावलाय की लाडात आलाय हे पक्कं समजतं. नाटकवाल्याला याहून अधिक भाषाज्ञान लागत नसावं. शिवाय त्या काळात सोलापुरात प्रा. श्रीराम पुजारी यांचं घर होतं. पु. ल. देशपांडे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशी माणसं सोलापुरात आली की त्या घराला त्यांचे पाय लागत. एरवी ज्यांचं दर्शन तिकीट काढून लांबच्या खुर्चीतून व्हायचं, ती माणसं तिथं चटणी-भाकरी खाताना दिसत. त्या घराविषयी जब्बार पटेल नेहमी कृतज्ञतेनं बोलत आले आहेत. मला यात एक सूक्ष्म धडा दिसतो. शेंगाचटणी मागून घेणारा थोर कलावंत ज्यानं लहानपणी पाहिला, त्याला मोठेपणी कुणाचीच भीती वाटत नाही. नाना फडणवीसांचीसुद्धा नाही.

सोलापुरातल्या सर्वांत भव्य प्रायोगिक नाटकाचा उल्लेख इथं राहून गेला तर ग्रामदैवत रागावेल. दर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तळ्याकाठी संमती कट्ट्याजवळ एक लग्न लागतं. वधू म्हणजे बाराव्या शतकातली कुंभारकन्या आणि वर म्हणजे सिद्धरामेश्वरांचा योगदंड. वर लाकडाचा आहे आणि वधूला जाऊन आठ-नऊशे वर्षं लोटली आहेत, याची अडचण आजवर एकाही वऱ्हाड्याला वाटलेली नाही. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात उंचच उंच नंदीध्वज पेलत शहरातून येतात, अक्षतांचा क्षण येतो, आणि लाखांची गर्दी एका श्वासात हात उचलते. नेपथ्य शून्य, तालीम शून्य, प्रॉम्प्टर कुठंच नाही. आणि मध्यंतरात उठून जाणारा एकही प्रेक्षक नाही. समूहाकडून अशी एक हालचाल करवून घ्यावी, हे जगातल्या प्रत्येक दिग्दर्शकाचं स्वप्न असतं. सोलापूरकर ते दर जानेवारीत सहज पार पाडतो आणि मग भाग्यश्री बटाटेवडे खायला निघून जातो.

आता डॉक्टरकीकडे वळू. मराठी नाटक आणि वैद्यकशास्त्र यांचं गूळपीठ हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, डॉ. मोहन आगाशे मनाचे, डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे, आणि जब्बार पटेल लहान मुलांचे. एवढ्या मंडळींनी एक पॅनेल केलं असतं तर मराठी माणसाला नखशिखांत तपासून झालं असतं. या गूळपिठाचं कारण माझ्या मते घरच्या वडीलधाऱ्यांत आहे. आमच्याकडे ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘नाटक करतो’ असं उत्तर दिलं की पाव्हणे थोडा वेळ थांबतात. ते उत्तर अर्धं आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं. ‘आणि पोटापाण्याला?’ असं ते मायेनंच विचारतात. तेव्हा ‘डॉक्टर आहे’ असं कळलं की साऱ्या बैठकीचा जीव भांड्यात पडतो, आणि नाटकाकडे मग पथ्यात बसणाऱ्या किरकोळ सवयीसारखं पाहिलं जातं. त्यात सोलापूरची डॉक्टरांबद्दलची परंपरा मोठी विलक्षण. भैय्या चौकातल्या घरातून निघालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि युद्धातल्या जखमींची सेवा करता करता डिसेंबर 1942 मध्ये तिथंच गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये याच जिल्ह्यात जब्बार पटेल जन्मले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे. तरीसुद्धा, आमच्या जिल्ह्यातून डॉक्टर बाहेर पडला की तो नुसत्या औषधांवर थांबेलच याची खात्री देता येत नाही, एवढं या नोंदीवरून म्हणायला हरकत नसावी.

बालरोगतज्ज्ञ असणं हे दिग्दर्शकाला किती उपयोगी पडत असेल, याचा विचार करत बसणं हा माझा आवडता रिकामा उद्योग आहे. लहान मूल रडतं, पण कुठं दुखतंय ते सांगत नाही. नवं नाटकही तसंच असतं. दुसरा अंक रडतोय एवढं सगळ्यांना कळतं. दुखणं पहिल्या अंकाच्या पोटात आहे हे ओळखायला बोटांना सराव लागतो. मुलाला सुई टोचायची असेल तर आधी खिडकीतला कावळा दाखवावा लागतो. नटालाही तसाच कावळा दाखवून, नेमक्या त्याच क्षणी त्याच्याकडून हवं ते करवून घ्यावं लागतं. मुलापेक्षा घाबरलेली आई अधिक अवघड असते, तिला धीर द्यावा लागतो. नाटकात तिची जागा लेखकाची. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मूल बरं झालं की डॉक्टरला विसरून खेळायला पळतं. ते तसं पळालं की समजायचं, उपचार लागू पडला. नाटक उभं राहिलं की दिग्दर्शकाचंही असंच होतं. प्रयोगाच्या रात्री नट उजेडात, वादक उजेडात, आणि तो मात्र शेवटच्या रांगेमागच्या अंधारात हाताची घडी घालून उभा. ज्यानं सगळं केलं त्याला त्या घटकेला काहीच करायचं उरलेलं नसतं.

16 डिसेंबर 1972 ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पडदा वर गेला तेव्हा ते तसेच कुठंतरी उभे असतील. वय तीस. नाटक विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’, संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. मोहन आगाशे नाना फडणवीस, रमेश टिळेकर घाशीराम. त्याआधी 1970 साली याच लेखक-दिग्दर्शक जोडीचं ‘अशी पाखरे येती’ लोकांनी पाहिलं होतं, तेव्हा तसंच काही हळवं, दिवाणखान्यातलं बघायला मिळेल असं समजून आलेली मंडळी थिएटरात असणारच. दिवाणखाना तर नव्हताच, साधी भिंतही नव्हती. म्हणजे होती, पण माणसांची. पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या पुरुषांची एक रांग झुलू लागली, आणि ती रांग वळली की पुणे शहर झालं, पांगली की कलावंतिणींची बावनखणी झाली, पुन्हा जुळली की तिच्याआड एखादं पाप झाकलं गेलं. कीर्तन, खेळे, दशावतार, लावणी हे सगळे अठराव्या शतकातल्या एका गोष्टीत असे येऊन बसले, जसे यात्रेला निघालेले पाव्हणे एकाच डब्यात. विसाव्या शतकातल्या मराठी नाटकानं सोफा, जिना आणि दारावरची घंटा यांच्यावर इतका जीव लावला होता, की बिनभिंतीचं हे घर पाहून काहींना आधी घर चोरीला गेल्यासारखंच वाटलं असेल. गाडी परत चालली की काय, असं विचारणारे नवखे प्रवासी तेव्हाही होते. कीर्तन, खेळे म्हणजे मागं टाकलेलं स्टेशन, अशी त्यांची समजूत. इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं होतं, इतकंच. गाडी तिथनंच पुढं जाणार होती.

पुढचं पुष्कळांना माहीत आहे. वाद झाला. पेशवाईची, पुण्याची, नाना फडणवीसांची बदनामी झाली असं म्हणणारे उठले, आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेनंच नाटक थांबवलं. मग ही तरुण पोरं बाहेर पडली आणि 1973 मध्ये त्यांनी ‘थिएटर अकादमी’ काढली. 1974 मध्ये घाशीराम पुन्हा उभा राहिला आणि जवळपास दोन दशकं उभाच राहिला. 1980 साली तो युरोपला निघाला तेव्हा पुन्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अखेर असं ठरलं की प्रयोगाआधी एक निवेदन वाचून दाखवायचं: हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते. या निवेदनाची मला राहून राहून मौज वाटते. ज्या परदेशी प्रेक्षकानं नानांचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं, त्याला प्रथम नानांच्या थोरवीची हमी मिळायची आणि मग दीड-दोन तास ती थोरवी विसरायला लावणारं नाटक दिसायचं. औषधाच्या बाटलीवर ‘हालवून घ्यावे’ असं लिहिलेलं असतं. या बाटलीवर ‘हालू नये’ असं लिहिलेलं होतं. गाणं कळलं, नाच कळला, सत्ता माणसाला कशी वापरून फेकते तेही कळलं. निवेदन मात्र ऐकणाऱ्यानं तिथंच खुर्चीवर ठेवलं असावं.

त्यानंतरची कारकीर्द सांगायची तर यादी होईल, म्हणून मोजकंच. 1978 मध्ये ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून पु. लं.नी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ त्यांनी बसवला आणि त्यात नंदू भेंडे रॉकच्या ठेक्यावर मराठी गाऊ लागले. बर्लिनच्या नाटकाला तमाशाचं धोतर नेसवून वर गिटार गळ्यात अडकवणं ही कल्पना कागदावर कुणालाही वेडाची वाटेल. ती रंगमंचावर शहाणी ठरली. शिवाय सिनेमे. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’. कॅमेऱ्यानं त्यांना जे दिलं ते नाटकानं कधीच दिलं नव्हतं, ते म्हणजे टिकून राहणं. ‘सामना’तल्या निळू फुल्यांची हिंदुराव पाटलाची नजर आजही कुणालाही पाहता येते. 1972 सालच्या त्या डिसेंबरातली माणसांची भिंत मात्र नेमकी कशी झुलली, हे त्या रात्री तिथं असलेल्यांनाच माहीत, आणि त्यांच्यातही आता एकमत होत नाही. कुणी म्हणतं ती डावीकडून सुरू झाली, कुणी म्हणतं उजवीकडून. नाटकवाल्याची सारी मिळकत अशी दुसऱ्यांच्या आठवणींच्या खात्यात जमा असते. त्यावर व्याज मिळत नाही आणि खातेदार एकेक करून बँक सोडून जातात. 2024 च्या जानेवारीत शंभराव्या मराठी नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद जब्बार पटेलांनी भूषवलं तेव्हा, उशिरा का होईना, त्या खात्याचं पासबुक कुणीतरी भरून दिलं असं मला वाटलं.

पण गाडीत बसून गेलेल्यांबद्दलच बोलावं असा काही नियम नाही. तसे गेलेले आणखीही आहेत. फैयाज सोलापुरातून गेल्या आणि ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या झरीना झाल्या. अतुल कुलकर्णी हरिभाई देवकरण प्रशालेतून आणि ‘नाट्य आराधना’च्या तालमींतून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात आणि आम्ही ‘आपलाच की’ म्हणून चहा मागवतो. मात्र प्रत्येक गेलेल्यामागं इथंच राहिलेले किती असतात! सोलापुरातल्या प्रत्येक पेठेत एखादा तरी दिग्दर्शक असतो. दिवसा तो बँकेत असतो, शाळेत असतो, पूर्वी गिरणीत असायचा. भोंगा झाला, पाळी सुटली, की कापसाचे तंतू केसांत तसेच ठेवून माणसं कामगार कल्याण केंद्राच्या तालमीला येत. आता गिरण्या बंद पडल्या, भोंगा थांबला; तालमी तेवढ्या चालू आहेत. या दिग्दर्शकाजवळ पैसे नसतात, म्हणून त्याच्या नाटकात नेपथ्य प्रतीकात्मक असतं. दोन लेव्हल आणि एक मोडकी खुर्ची एवढ्यावर तो राजवाडा, कारखाना आणि मानवी एकाकीपण दाखवतो. लेव्हलचं भाडं टेम्पोवाल्याला जास्त द्यावं लागलं तर एकाकीपण एकाच लेव्हलवर भागवतो. त्याचा नायक परीक्षेमुळं आयत्या वेळी नाही म्हणतो, नायिकेच्या घरी रात्री नऊनंतरची तालीम चालत नाही, प्रकाशयोजना करणारा पोरगा लग्नाच्या सीझनमध्ये मांडवाला दिवे लावायला जातो. एवढ्या संकटांतून नाटक उभं राहतं तेव्हा त्यातला आशय जीवनाच्या निरर्थकतेचा असतो, आणि तो त्याला कुठल्या फ्रेंच लेखकाकडून उसना आणावा लागत नाही.

राज्य नाट्य स्पर्धा आली की हुतात्मा स्मृती मंदिरात अशी एकेक नाटकं होतात. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांची आठवण ते नाट्यगृह जपतं. नावांवरूनच कळावं की ही चौघं एकत्र उभी राहिली तेव्हा किती जातीधर्मांची भिंत एकदम झुलली असेल. तिथल्या काळोखात मी कैक नाटकं पाहिली आहेत. काहींमध्ये पात्रं अर्धा तास गप्प होती. काहींमध्ये ब्लॅकआऊट इतका लांबला की तो आशयाचा भाग आहे की वायरमनचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. एकदा प्रयोग सुटल्यावर जिन्यात दोन पोरं बोलत होती. एकानं विचारलं, ‘काय बे, कळलं का काही?’ दुसरा थोडा विचारात पडला आणि म्हणाला, ‘कळलं नाही बे. पण लय भारी होतं.’ इतकं नितळ नाट्यसमीक्षण मी छापील परीक्षणांत क्वचित वाचलं आहे. त्यांच्या मागच्या पायरीवर त्या नाटकाचा दिग्दर्शक भाड्याचा अंगरखा घडी घालत उभा होता. त्यानं ते ऐकलं. तो काही बोलला नाही. घडी मात्र त्यानं मोडून पुन्हा घातली, जरा अधिक नीट.

मला वाटतं, जब्बार पटेल मोठे झाले त्याला त्यांची प्रतिभा कारण आहेच, पण अशी ‘कळलं नाही, पण भारी होतं’ म्हणणारी माणसंही कारण आहेत. इंजिन फिरवणारा एक असतो. उलट्या दिशेनं निघालेल्या गाडीतून घाबरून उडी न मारता बसून राहणारे शेकडो लागतात, तेव्हा कुठं ती गाडी पुढच्या स्टेशनाला पोचते. प्रायोगिक दिग्दर्शकाला टाळ्या लागत नाहीत असं नाही, लागतात. पण त्याहून त्याला बसून राहणारा माणूस लागतो. आणि असा माणूस घडवायला नाट्यशाळा नाही, अनुदान नाही, पुरस्कारही नाही.

तेव्हा सोलापूरकरांनो, आणि ज्यांच्या गावात स्पर्धेचं केंद्र आहे अशा सगळ्यांनो, एवढं करा. यंदा प्राथमिक फेरी लागली की एका संध्याकाळी जा. तिकीट अगदी नाममात्र असतं, पार्किंगलाही जागा मिळते, आणि खुर्च्या तर हव्या तेवढ्या मोकळ्या असतात. नाटक कळलं नाही तरी चालेल. मोबाइल बंद ठेवा आणि मध्यंतरानंतर परत आत या.